महामारीचे नियम आणि अमेरिकेतील रुग्णालये : वेव्हर, मुदती आणि कागदपत्रे



आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत कुणी ना कुणी रुग्णालयाशी जोडलेले आहे. कुणी डॉक्टर, कुणी नर्स, कुणी फार्मसीत, कुणी बिलिंगमध्ये, तर कुणी रुग्णालयाच्या संगणक प्रणालीवर काम करणारे आयटीवाले. ज्या घरात यातले कुणी नाही, तिथे सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा असतात किंवा आता मेडिकेअरवर गेलेले काका-काकू. म्हणजे रुग्णालयाचे नियम हा विषय आपल्याला कुठून ना कुठून येऊन भिडतोच.

कोविडच्या काळात, म्हणजे २०२० ते २०२३ मध्ये, हे नियम इतक्या वेळा बदलले की रुग्णालयात वर्षानुवर्षे काम करणारी माणसेही गोंधळून गेली. तो गोंधळ अजून पूर्ण निवळलेला नाही. "कोविडमध्ये तर हे चालत होतं" असे म्हणणारे सहकारी आजही भेटतात, आणि "कोविडमध्ये सगळे कायदे गुंडाळून ठेवले होते" असे समजणारे रुग्णांचे नातेवाईकही भेटतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोन्ही महाग पडू शकतात. पहिलीमुळे रुग्णालयाला पैसे परत करावे लागतात. दुसरीमुळे रुग्ण आपला हक्क मागतच नाही. म्हणून हा थोडा सविस्तर लेख. हा कायदेशीर सल्ला नव्हे, एवढे लक्षात ठेवून वाचावे.

नियम मुळात कुणाचे?

भारतातून आलेल्या माणसाला इथली व्यवस्था विचित्र वाटते. महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये १८९७ चा साथरोग कायदा लागू झाला. मुंबई इलाख्यातल्या प्लेगच्या वेळचा हा कायदा. त्याखाली राज्य सरकारने थेट आदेश काढले. अमेरिकेत असा एकच हात नाही. रुग्णालय चालवायचा परवाना राज्य देते. मेडिकेअर आणि मेडिकेडचे पैसे हवे असतील तर 'सीएमएस' या केंद्रीय संस्थेच्या अटी पाळाव्या लागतात. या अटींना 'कंडिशन्स ऑफ पार्टिसिपेशन' म्हणतात. कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी 'ओशा', रुग्णाच्या माहितीची गुप्तता आणि भेदभावाच्या तक्रारींसाठी 'ऑफिस फॉर सिव्हिल राइट्स' म्हणजे 'ओसीआर', चाचण्या आणि मास्कच्या मान्यतेसाठी 'एफडीए', आणि संसर्ग कसा रोखावा याच्या मार्गदर्शनासाठी 'सीडीसी'. यातली सीडीसी बहुतेक वेळा सल्ला देते, आदेश देत नाही. पण तोच सल्ला राज्याने किंवा सीएमएसने आपल्या नियमात घेतला की तो बंधनकारक होतो. महामारीत सर्वांत जास्त वाद बहुधा या एका गोष्टीवरून झाले असतील.

एका कार्यालयाने सूट दिली म्हणजे बाकीच्यांनीही दिली, असे होत नाही. उदाहरण घ्या. दुसऱ्या राज्यातल्या डॉक्टरला मदतीला बोलावायचे आहे. सीएमएसने २०२० मध्ये सांगितले की अशा डॉक्टरने दिलेल्या सेवेचे मेडिकेअर पैसे देईल. पण ही सूट फक्त पैशापुरती होती. त्या राज्यात वैद्यकी करायची परवानगी राज्यानेच द्यायची असते. राज्याचा आदेश नसता तर मेडिकेअरचे बिल बरोबर असूनही तो डॉक्टर विनापरवाना काम करत होता असा अर्थ झाला असता.

वेव्हर म्हणजे नेमके काय?

इथे सगळे ज्याला 'वेव्हर' म्हणतात ती सूट मुख्यतः सोशल सिक्युरिटी कायद्याच्या कलम ११३५ खाली मिळते. ती मिळायला दोन घोषणा लागतात. एक आरोग्य मंत्र्यांची, सार्वजनिक आरोग्य आणीबाणीची. ती ३१ जानेवारी २०२० रोजी झाली आणि २७ जानेवारीपासून लागू धरली गेली. दुसरी राष्ट्राध्यक्षांची, राष्ट्रीय आणीबाणीची. ती १३ मार्च २०२० रोजी झाली. दोन्ही झाल्यावर सीएमएसने सूट द्यायला सुरुवात केली आणि ती १ मार्च २०२० पासून लागू धरली. आरोग्य आणीबाणी एका वेळी ९० दिवसांची असते. ती पुन्हा पुन्हा वाढवत नेली आणि शेवटी ११ मे २०२३ रोजी संपली.

यातही दोन प्रकार होते. 'ब्लँकेट वेव्हर' सर्वांना आपोआप लागू, अर्ज करायची गरज नाही. बाकीच्या गोष्टींसाठी रुग्णालयाने किंवा राज्याने स्वतंत्र अर्ज करायचा. ब्लँकेट वेव्हरच्या मजकुरात एक छोटे वाक्य वारंवार येत असे : ही सूट राज्याच्या आपत्कालीन किंवा महामारी योजनेशी विसंगत नसेल तेवढीच वापरावी. बरेच जण हे वाक्य वाचतच नसत. ठळक अक्षरात सूट दिसली की मीटिंगमध्ये ती "मिळाली" म्हणून जाहीर व्हायची.

म्हणून कुठल्याही वेव्हरबद्दल चार प्रश्न विचारायचे असतात. कुणी दिला? कुठल्या नियमापासून दिला? कुठल्या अटीवर? आणि कधीपर्यंत? रुग्णालयाला नियम समजावून सांगणाऱ्या माणसाचे नव्वद टक्के काम हे चार प्रश्न न कंटाळता विचारण्याचे असते.

हिपा आणि "बघ ना जरा सिस्टीममध्ये"

चौथ्या प्रश्नाचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे हिपा, रुग्णाच्या माहितीच्या गुप्ततेचा कायदा. मार्च २०२० मध्ये "हिपा स्थगित" अशी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली होती. प्रत्यक्षात काय झाले होते? आरोग्य मंत्र्यांनी फक्त पाच तरतुदींबाबत दंड न करण्याचे ठरवले. कुटुंबीयांशी बोलण्याआधी रुग्णाची संमती घेणे, रुग्णालयाच्या यादीत नाव नको म्हणण्याचा हक्क, गुप्ततेची छापील सूचना हातात देणे, माहितीवर बंधन घालण्याची विनंती, आणि वेगळ्या पत्त्यावर किंवा फोनवर संपर्क साधण्याची विनंती. हे सर्व फक्त रुग्णालयांना, तेही आपली आपत्कालीन योजना अमलात आणल्यापासून जास्तीत जास्त ७२ तास. तीन दिवस! चौथ्या दिवशी सगळे नियम पूर्ववत, मग वॉर्डात खाट असो वा नसो.

दुसरी सूट व्हिडिओ भेटींची. १७ मार्च २०२० रोजी ओसीआरने सांगितले की डॉक्टरांनी चांगल्या हेतूने फेसटाइम, स्काइप, झूम यांसारखी साधने वापरून रुग्णाला तपासले तर दंड करणार नाही. फेसबुक लाइव्ह, टिकटॉक अशी सर्वांना दिसणारी साधने मात्र तेव्हाही चालत नव्हती. ही सूट ११ मे २०२३ ला संपली आणि बदल करायला ९ ऑगस्ट २०२३ पर्यंत वेळ दिला गेला. आज कुणी डॉक्टर रुग्णाची भेट साध्या व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर घेत असेल, तर "कोविडमध्ये परवानगी होती" हे उत्तर चालत नाही. रुग्णालयाचा त्या कंपनीशी गुप्ततेचा करार असलेलेच साधन वापरायला हवे.

आता आपल्या घरातली गोष्ट. महामारीत भेटायला जाता येत नव्हते आणि फोन लागत नव्हते. अशा वेळी मंडळातल्या ओळखीच्या रुग्णालय कर्मचाऱ्याला फोन जायचा : "अरे, बाबांना तुझ्याच हॉस्पिटलमध्ये नेलंय. बघ ना जरा सिस्टीममध्ये, ऑक्सिजन किती आहे." विचारणाऱ्याची अवस्था कळते. नाही म्हणणाऱ्याला किती वाईट वाटत असेल, तेही कळते. पण ज्या रुग्णाच्या उपचारात आपला सहभाग नाही त्याची फाइल उघडणे हा हिपाचा भंगच होता. त्याला एक दिवसाचीही सूट कधी मिळाली नाही. कुणी, कधी, कुठले पान उघडले याची नोंद प्रणालीत आपोआप राहते. आडनाव सारखे किंवा पत्ता जवळचा असेल तर ती नोंद तपासणाऱ्याच्या नजरेत लगेच भरते. नोकरी जाते, आणि हेतू वाईट ठरला तर फौजदारी कलमेही आहेत. व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी जाणे म्हणजे काय, हे इथे वेगळे सांगायला नको.

खरे तर याची गरजही नसते. हिपा सामान्य काळातही रुग्णालयाला उपचारात सहभागी असलेल्या नातेवाइकांशी बोलायला परवानगी देतो. रुग्णाने हरकत घेतली नाही म्हणजे झाले. रुग्ण शुद्धीवर नसेल तर डॉक्टर किंवा नर्स आपल्या निर्णयाने बोलू शकतात. "हिपामुळे फोनवर काहीच सांगता येत नाही" हे वाक्य बहुतेक वेळा कायद्यापेक्षा भीतीतून येते. घरातल्या एकाचे नाव संपर्कासाठी नोंदवून ठेवावे, रुग्णाच्या ऑनलाइन खात्यात त्याला अधिकृत प्रवेश द्यावा, आणि वडीलधाऱ्यांचे हेल्थकेअर प्रॉक्सीचे कागद आधीच करून ठेवावेत. राज्याप्रमाणे त्या कागदाचे नाव बदलते. कुणाला कोविड झाला ते मंडळाच्या ग्रुपवर टाकण्याला मात्र हिपा लागू होत नाही, कारण मंडळ म्हणजे रुग्णालय नव्हे. तिथे आपला शहाणपणाच उपयोगी.

तंबूतले इमर्जन्सी आणि हॉटेलातल्या खाटा

३० मार्च २०२० रोजी सीएमएसने रुग्णालयांना आपल्या भिंतींबाहेर, हॉटेलात, वसतिगृहात, सर्जरी सेंटरमध्ये, रुग्ण ठेवायची मुभा दिली. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या राज्यपालांनी सर्व रुग्णालयांना क्षमता ५० टक्क्यांनी वाढवायचा आदेश दिला. न्यू जर्सीत एडिसनच्या ज्या एक्स्पो सेंटरमध्ये एरवी प्रदर्शने भरतात, तिथे तात्पुरते रुग्णालय उभे राहिले. गावाकडच्या छोट्या 'क्रिटिकल अ‍ॅक्सेस' रुग्णालयांवर २५ खाटांची आणि सरासरी ९६ तास मुक्कामाची मर्यादा असते. ती उठवली गेली. डॉक्टरांच्या तोंडी ऑर्डरवर ४८ तासांत सही होण्याची अटही सैल झाली.

या सगळ्यात एक कायदा मात्र जवळजवळ जसाच्या तसा राहिला. तो म्हणजे १९८६ चा 'एम्टाला'. इमर्जन्सी विभागात जो कुणी येईल त्याची वैद्यकीय तपासणी करायची. आणीबाणीची स्थिती असेल तर तिच्यावर उपचार करून ती स्थिर करायची, किंवा नियमाप्रमाणे दुसरीकडे पाठवायचे. विमा आहे का, व्हिसा कुठला, हे प्रश्न त्याच्या आड येता कामा नयेत. वेव्हरने एवढेच दिले की गर्दी टाळण्यासाठी रुग्णाला आवाराबाहेरच्या ठरलेल्या जागी तपासणीला पाठवता येईल, आणि तेही राज्याच्या योजनेत बसत असेल तर. आवारातच पार्किंगमध्ये तंबू ठोकून तपासायला वेव्हर लागतच नव्हता.

अनेक रुग्णालयांची चूक इथेच झाली. तंबूत ताप मोजून, दोन प्रश्न विचारून "घरी जा, चाचणी दुसरीकडे करा" असे सांगितले जाई. पण ट्रायज म्हणजे तपासणी नव्हे. ट्रायज फक्त क्रम ठरवतो. एम्टालाला हवी ती तपासणी रुग्णालयाने अधिकृतपणे नेमलेल्या पात्र व्यक्तीनेच करायची असते आणि तिची नोंद लागते. आणि कलम ११३५ मध्येच स्पष्ट लिहिले आहे की सूट वापरताना पैसे कोण देणार यावरून भेद करता येणार नाही. पाहुणे आलेल्या आई-बाबांचा प्रवासी विमा असो वा नसो, इमर्जन्सीच्या दारात हा कायदा त्यांच्या बाजूने उभा होता आणि आजही आहे. बिल नंतर येते, हे खरेच. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

भाषा आणि भेट

नातेवाइकांच्या भेटीच्या हक्काबाबत सीएमएसने सूट दिली होती आणि दारे बंद झाली. पण अपंगत्व असलेल्या रुग्णाला मदतनीस हवा असेल तर सरसकट नकार देता येत नाही, हे लवकरच स्पष्ट झाले. कनेक्टिकट राज्याविरुद्धच्या तक्रारी ओसीआरने जून २०२० मध्ये मिटवल्या आणि तिथे अशा मदतनीसांना प्रवेश मिळू लागला. त्याआधी एप्रिलमध्ये अलाबामाने व्हेंटिलेटर कुणाला द्यायचे याबाबतची आपली जुनी, वय आणि अपंगत्वावरून भेद करणारी मार्गदर्शिका मागे घेतली होती. म्हणजे भेदभावविरोधी कायदे पूर्ण महामारीत चालू होते.

त्यातच भाषा येते. १९६४ च्या सिव्हिल राइट्स कायद्याप्रमाणे आणि २०१० च्या अफोर्डेबल केअर कायद्याच्या कलम १५५७ प्रमाणे, सरकारी पैसे घेणाऱ्या रुग्णालयाने इंग्रजी नीट न येणाऱ्या रुग्णाला दुभाषा विनामूल्य द्यायचा असतो. यालाही वेव्हर नव्हता. दार बंद झाले तेव्हा मुलगा किंवा सून दुभाषा म्हणून आत जाऊ शकत नव्हती. तेव्हाच तर दुभाष्याची खरी गरज होती. टेलिफोनवरून दुभाषी पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे मराठी असते. पण नोंदणीच्या वेळी "इंडियन" ऐकून हिंदीवर खूण केली जाते आणि मग आजी संकोचून "हो, हो" म्हणत राहते. हिंदी मालिका कळणे वेगळे आणि "व्हेंटिलेटर लावायचा का" हा प्रश्न हिंदीतून समजून उत्तर देणे वेगळे. नोंदणीच्या वेळीच "मराठी" असे स्पष्ट सांगावे आणि ते फाइलमध्ये लिहिले गेले का ते बघावे. रुग्णालयात काम करणाऱ्या आपल्या लोकांनी भाषांच्या यादीत मराठी वेगळी आहे का, हे एकदा तपासून पाहावे. अर्ध्या तासाचे काम आहे.

रोजचा अहवाल

आपल्या आयटीवाल्या मंडळींचा संबंध आला तो इथे. जुलै २०२० मध्ये रुग्णालयांना सांगितले गेले की खाटा, रुग्ण आणि साहित्य यांचा रोजचा अहवाल सीडीसीच्या प्रणालीऐवजी आरोग्य खात्याच्या नव्या प्रणालीत द्यायचा. तयारीला मोजके दिवस होते. रेमडेसिविरचे वाटप याच आकड्यांवर ठरत होते, म्हणून चूक केवळ कागदावर राहत नव्हती. सप्टेंबर २०२० मध्ये सीएमएसने हा अहवाल मेडिकेअरची अट करून टाकला. तो दिला नाही तर मेडिकेअरशी करारच संपू शकतो अशी ती तरतूद होती. डिसेंबर २०२२ मध्ये काम पुन्हा सीडीसीच्या 'एनएचएसएन' प्रणालीकडे आले.

सर्वांत जास्त डोकेदुखी होती व्याख्यांची. 'खाट' म्हणजे काय? परवान्यावरची खाट, वॉर्डात उभी असलेली खाट, की जिच्यासाठी नर्स हजर आहे ती खाट? अहवालात हवी होती तिसरी. बेड मॅनेजमेंटच्या पडद्यावर दिसायची दुसरी. नर्स आजारी पडून घरी बसल्या तरी खाट हिरवीच दिसायची आणि राज्याला वाटायचे की इथे जागा आहे. अँब्युलन्स तिकडे वळायच्या. म्हणून प्रोग्रॅमर, नर्सिंग सुपरवायझर आणि कम्प्लायन्सचा माणूस यांनी एका टेबलाशी बसून प्रत्येक रकान्याची व्याख्या लिहून काढणे, हेच खरे पालन होते.

रोजच्या अहवालाची सक्ती ३० एप्रिल २०२४ ला संपली. पण १ नोव्हेंबर २०२४ पासून कोविड, फ्लू आणि आरएसव्ही यांचा साप्ताहिक अहवाल एनएचएसएनमध्ये देण्याची नवी अट आली. त्यामुळे २०२० मध्ये लिहिलेले ते प्रोग्रॅम फेकून देऊ नका.

लस आणि मास्क

यावर थोडक्यात, कारण आता बराच भाग इतिहास आहे. सीएमएसने नोव्हेंबर २०२१ मध्ये रुग्णालय कर्मचाऱ्यांना लस सक्तीची केली, वैद्यकीय आणि धार्मिक सवलतींसह. १३ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती ५ विरुद्ध ४ मतांनी चालू ठेवली आणि त्याच दिवशी मोठ्या कंपन्यांसाठीचा ओशाचा लस-किंवा-चाचणी नियम रोखला. दोन निकाल एकाच दिवशी आल्यामुळे कित्येक कर्मचाऱ्यांना वाटले की आपलीही सक्ती गेली. सीएमएसची सक्ती प्रत्यक्षात ऑगस्ट २०२३ मध्ये मागे घेतली गेली. ओशाचा रुग्णालयांसाठीचा जून २०२१ चा तात्पुरता नियमही बराचसा डिसेंबर २०२१ मध्येच मागे घेतला गेला. मात्र श्वसन-संरक्षणाचा मूळ नियम महामारीच्या आधीपासूनचा आहे आणि तो कायम आहे. एन९५ वापरणाऱ्याची दरवर्षी फिट टेस्ट व्हायला हवी. २०२० च्या तुटवड्यात वार्षिक टेस्टला ढील दिली होती, एवढेच. दाढी असेल तर तो मास्क बसत नाही, हेही तसेच.

बिले, कोड आणि ती २० टक्क्यांची अफवा

"रुग्णालये पैशासाठी सगळ्यांना कोविड लिहितात" हे आपण सर्वांनी ऐकले आहे. त्याचे मूळ असे. मार्च २०२० च्या केअर्स कायद्याने कोविडच्या दाखल मेडिकेअर रुग्णांसाठी २० टक्के जास्त रक्कम दिली. १ एप्रिल २०२० पासून निदानाचा कोड यू०७.१ होता. १ सप्टेंबर २०२० पासून नुसता कोड पुरेसा नव्हता. पॉझिटिव्ह चाचणीचा कागद रुग्णाच्या फाइलमध्ये असणे सक्तीचे झाले. कागद नसेल तर जादा रक्कम परत. ही जादा रक्कम आणीबाणीबरोबरच संपली. जाणूनबुजून खोटे बिल पाठवले तर फॉल्स क्लेम्स कायद्याखाली तिप्पट नुकसानभरपाई आणि वर दंड, म्हणून शहाणे रुग्णालय आधी स्वतःच फाइली तपासते आणि जास्त आलेले पैसे स्वतःहून परत करते.

वेव्हरच्या आधारे दिलेल्या सेवेच्या बिलावर खूण करावी लागे. रुग्णालयाच्या बिलावर 'डीआर' हा कोड, डॉक्टरांच्या बिलावर 'सीआर'. काही ठिकाणी घाईत ती प्रत्येक बिलावर आपोआप पडेल अशी सोय करून ठेवली आणि नंतर ती काढायची राहिली. बिलिंगमधल्या वाचकांनी मे २०२३ नंतरच्या बिलांवर एक नजर टाकावी.

विमा नसलेल्यांच्या कोविड उपचारांचे पैसे सरकारच्या 'एचआरएसए' या संस्थेकडून मिळत. त्या योजनेतून पैसे घेतले तर रुग्णालयाला रुग्णाकडून उरलेली रक्कम मागता येत नसे. चाचणी आणि उपचारांचे दावे २२ मार्च २०२२ ला आणि लसीचे ५ एप्रिल २०२२ ला बंद झाले. त्या काळातले बिल कुणाकडे अजून वसुलीला असेल, तर रुग्णालयाने या योजनेतून पैसे घेतले होते का, हे लेखी विचारावे.

११ मे २०२३ नंतर काय बदलले?

आपल्या ज्येष्ठांना सर्वांत जास्त झोंबलेला बदल नर्सिंग होमचा. मूळ मेडिकेअरमध्ये पुनर्वसनासाठी स्किल्ड नर्सिंगची सोय हवी तर आधी सलग तीन दिवस रुग्णालयात 'इनपेशंट' म्हणून दाखल असावे लागते. महामारीत ही अट नव्हती. आता ती परत आली आहे. समजा आजी पडल्या, चार रात्री रुग्णालयात होत्या, पण त्यातल्या दोन 'ऑब्झर्वेशन' म्हणून होत्या. त्या मोजल्या जात नाहीत, आणि घरी सोडल्याचा दिवसही मोजला जात नाही. नर्सिंग होमचा खर्च मग कुटुंबावर. २४ तासांपेक्षा जास्त ऑब्झर्वेशन झाले तर रुग्णालयाने 'मून' नावाची लेखी सूचना द्यायची असते, तीही ३६ तासांच्या आत, आणि ती तोंडी समजावून सांगायची असते. पुढ्यात आलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात तो सही करून सरकवू नका. मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज योजनांचे नियम वेगळे असू शकतात.

घरून व्हिडिओवर डॉक्टरांना भेटण्याची मेडिकेअरची सोय आणि 'हॉस्पिटल अ‍ॅट होम' या दोन गोष्टी आणीबाणीबरोबर संपल्या नाहीत. काँग्रेसने त्यांना वेगळी मुदत दिली आणि ती पुन्हा पुन्हा वाढवली. १ ऑक्टोबर २०२५ ला सरकारचे कामकाज ठप्प झाले तेव्हा ती मुदत संपलीच होती. नोव्हेंबरमध्ये मागील तारखेपासून ती पुन्हा चालू केली गेली. मधल्या सहा आठवड्यांत रुग्णालयांना घरी असलेले रुग्ण परत वॉर्डात आणावे लागले किंवा घरी सोडावे लागले. यासाठी भिंतीवरचे कॅलेंडर पुरत नाही, ज्याच्या नावावर ही तारीख आहे असा एक माणूस लागतो.

रुग्णालयाला मदत करायची म्हणजे काय?

तुम्ही या क्षेत्रात असाल, तर सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे एक साधा तक्ता. वर सांगितलेल्या चार प्रश्नांचे चार रकाने, शिवाय ही सूट आपल्या रुग्णालयात कुठल्या विभागाने, कुठल्या दिवसापासून, कुणाच्या सहीने वापरली, आणि ती संपल्यावर मूळ पद्धत कधी सुरू झाली. तपासणीला येणारा माणूस दोन-तीन वर्षांनी येतो. तोवर निम्मी माणसे नोकरी बदलून गेलेली असतात आणि "तेव्हा सगळे असेच करत होते" हे कुणी मान्य करत नाही. तपासणाऱ्याला दिवस आणि सही हवी असते.

दुसरी गोष्ट, नियम वॉर्डापर्यंत पोचवणे. चाळीस पानांचा पीडीएफ रात्री अकराला ईमेलने पाठवला म्हणजे कळवले असे होत नाही. बदललेली एकच गोष्ट अर्ध्या पानावर, नर्सेसच्या शिफ्ट बदलण्याच्या वेळेला, आणि जुना कागद भिंतीवरून काढून. जुना कागद काढणे सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच सर्वांत जास्त विसरले जाते.

तिसरी, आपत्कालीन योजना. २०१६ च्या नियमाप्रमाणे प्रत्येक रुग्णालयाकडे ती असावी लागते, तिच्यात कलम ११३५ च्या सवलतींच्या वेळी रुग्णालयाची भूमिका काय हे लिहिलेले असावे लागते आणि वर्षातून दोन सराव व्हावे लागतात. २०१९ पासून नव्या संसर्गजन्य रोगांचाही त्यात विचार अपेक्षित आहे. मदतीला राज्यांच्या हॉस्पिटल असोसिएशन आहेत. न्यू जर्सीची आणि ग्रेटर न्यूयॉर्कची तर आपल्या शेजारीच. शिवाय 'अ‍ॅस्पर ट्रेसी' नावाचे सरकारी माहिती केंद्र आहे. २०२० मध्ये सीएमएस स्वतः फोनवर खुले प्रश्नोत्तर घेत असे. त्यात छोट्या गावातल्या रुग्णालयांचे प्रश्न सर्वांत नेमके असत. जाता जाता, कम्प्लायन्स हे चांगले करिअर आहे. आपली मुले कोडिंगपलीकडे बघायला तयार असतील तर त्यांना सांगावे.

आणि रुग्ण म्हणून? एम्टालाची तक्रार राज्याच्या आरोग्य तपासणी विभागाकडे करता येते. गुप्तता, दुभाषा किंवा भेदभावाची तक्रार ओसीआरकडे, साधारणपणे घटना कळल्यापासून १८० दिवसांच्या आत. मेडिकेअरवरच्या दाखल रुग्णाला लवकर घरी सोडत आहेत असे वाटले, तर रुग्णालयाने दिलेल्या 'इम्पॉर्टंट मेसेज फ्रॉम मेडिकेअर' या कागदावर क्यूआयओ या संस्थेचा फोन नंबर असतो. सोडण्याच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत तिथे फोन केला, तर निर्णय होईपर्यंत त्या जादा मुक्कामाचा खर्च रुग्णावर येत नाही, नेहमीची को-इन्शुरन्स आणि डिडक्टिबल सोडून. दुभाषा तिथेही मागता येतो.